‘वसाहत’ नेमकी कशाला म्हणायची?

इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “अमेरिकेत इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या, भारत ही ब्रिटिशांची वसाहत होती आणि आमच्या गावाबाहेर औद्योगिक वसाहत आहे. तिन्हीकडे एकच शब्द कसा? तिकडे जाऊन राहिलेल्या गोऱ्यांना वसाहतकार म्हणायचं की वसाहतवादी? आणि तिथल्या मूळच्या लोकांना काय म्हणावं?”

वसाहत हा वसणे-वसवणे याच कुळातला शब्द, वस्तीची सख्खी बहीण म्हणा. पण दोघींच्या स्वभावात फरक आहे. वस्ती होते, वसाहत केली जाते. ओढ्याकाठी चार घरं उभी राहिली की ती वस्ती; पोलिसांसाठी, गिरणी कामगारांसाठी, कारखान्यांसाठी कुणी जागा आखून दिली की ती वसाहत. म्हणजे वसाहतीमागे कागद असतो, कुणाची तरी सत्ता असते आणि पैसाही असतो.

जुन्या मराठी कारभारात हे फार ठळक दिसतं. दुष्काळानं किंवा लष्कराच्या धामधुमीनं गाव बेचिराख झालं, कुळं परागंदा झाली, की सरकार कौल, म्हणजे लेखी अभयवचन, देऊन त्यांना परत बोलवी. जमीन इस्ताव्यानं लावून देत, म्हणजे पहिल्या सालात सारा अगदी थोडा आणि पुढे दरसाल चढत चढत पूर्ण दरावर. नवी पेठ वसवायची तरी रीत हीच. पेठेचा कारभार पाहणारे शेटे-महाजन नेमायचे, वाणी-उदमी यावेत म्हणून जकातीत सूट द्यायची. वसाहत होणं ही राज्याच्या दृष्टीनं चांगली गोष्ट. तिचा विरुद्धार्थी शब्द ‘ओसाड’. म्हणून मराठी कानाला वसाहत या शब्दात जुलूम ऐकू येत नाही, आणि मुलं “मग इंग्रजांनी वाईट काय केलं?” असं विचारतात तेव्हा त्यांचं काही चुकत नाही.

खोच आहे ती इथे. वसवण्यासाठी जागा आधी ओसाड असावी लागते, आणि वसाहत म्हटलं की ते आपण न बोलता मान्य करून टाकतो. (औद्योगिक वसाहतीसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना विचारलंत, तर ‘ओसाड माळ’ या वर्णनावर ते दोन शब्द नक्की सुनावतील.) इंग्रजी कॉलनीचं मूळ असलेला लॅटिन ‘कोलोनिया’ हा शब्दही असाच शेतीतला. कोलोनुस म्हणजे शेत कसणारा; रोमन सत्ता निवृत्त सैनिकांना जिंकलेल्या मुलखात जमिनी देऊन बसवी, ती कोलोनिया. जर्मनीतल्या कलोन शहराच्या नावात ती अजून शिल्लक आहे. त्या जमिनी त्याआधी कोण कसत होतं, हे त्या शब्दातही येत नाही.

आता तुमच्या तेरा वसाहतींकडे वळू. त्यांतल्या मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण वर्गात सांगण्यासारखं आहे. १६२० च्या डिसेंबरात ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेले सुमारे शंभर इंग्रज प्लिमथला उतरले. धर्माच्या बाबतीत मायदेशी जाच झालेले लोक त्यांत बरेच होते. त्यांना आयती मोकळी केलेली शेतं मिळाली, कारण त्या जागी पटुक्सेट नावाचं, तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचं गाव होतं आणि ते अक्षरशः बेचिराख झालेलं होतं. १६१६ ते १६१९ या काळात युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या साथीनं त्या किनाऱ्यावरची गावंच्या गावं मेली होती. या गावचा टिस्क्वांटम १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं पळवून नेला होता आणि स्पेनमधल्या मालागात विकला होता. तिथून सुटून तो इंग्लंडला पोचला, भाषा शिकला आणि १६१९ मध्ये घरी परतला तर गावात कुणीच उरलेलं नव्हतं. त्याच गावाच्या जागेवर बसलेल्या परक्यांना पुढे त्यानंच मक्याच्या मुळाशी खत म्हणून मासे कसे पुरायचे ते दाखवलं.

वसाहतकारांचेही हाल काही कमी झाले नाहीत. पहिल्या हिवाळ्यातच त्यांच्यातले जवळजवळ निम्मे लोक गेले. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनची गत त्याहून वाईट होती. तिथे १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीनं शेकडो माणसं मेली, साठेक उरली. ही वसाहत काढणाऱ्या लंडनच्या कंपनीला नफा हवा होता, आणि त्यासाठी पाठवलेल्या माणसांना तिथलं पाणी, हवा, पीक यांतलं काही ठाऊक नव्हतं.

पण ओसाड गाव हा योगायोग होता. त्याचा हक्क बनवला तो नंतर. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप यानं १६३४ मध्ये एका पत्रात लिहिलं की मूळचे लोक देवीच्या साथीनं जवळजवळ सगळे मेले आहेत, आणि अशा रीतीनं परमेश्वरानं आमचा मालकी हक्क मोकळा करून दिला आहे. आपल्याकडे जमिनीच्या दस्तात ‘निर्वेध’ असा शब्द असतो, म्हणजे कुणाचाही दावा नसलेली. तो इथे साथीच्या रोगानं मिळवून दिला, असा या पत्राचा हिशेब. पुढे जागा आपोआप ओसाड होईना, तेव्हा ती करावी लागली. प्लिमथच्या लोकांशी १६२१ मध्ये तह करणारा वाम्पानोआग सरदार मॅसासॉइट याच्या मुलाला, मेटाकॉमला, १६७५ मध्ये शस्त्र उचलावं लागलं. या लढाईत इंग्रजांची अनेक गावं जळाली. १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर लावून ठेवलं, ते वीसेक वर्षं तिथे होतं. त्याच्या मुलाला गुलाम म्हणून विकलं.

आपल्या मनात तेरा वसाहतींचं चित्र जुलमी राजाविरुद्ध उठलेली रयत असं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. त्यांच्या तक्रारी कराच्या होत्या, चहाच्या होत्या, तशी जमिनीचीही एक होती. राजानं १७६३ च्या जाहीरनाम्यानं ॲपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायला मनाई केली, आणि पश्चिमेच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांना ती झोंबली. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसं समान असल्याचं म्हटलं आहे, त्याच कागदात खाली मूळच्या लोकांना ‘निर्दय रानटी’ म्हटलं आहे. मुलांना दोन्ही वाक्यं एकाच तासाला वाचून दाखवावीत असं मला वाटतं.

भारताचं प्रकरण वेगळं. काटेकोर अर्थानं भारत ही वसाहत नव्हती. इंग्रज इथे वसायला आलेच नाहीत. ईस्ट इंडिया कंपनी तर आपल्याच देशबांधवांना इथे फिरकू द्यायला नाखूश असे. १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत परवान्याशिवाय इंग्रजाला इथे राहता येत नव्हतं. नोकरी करायची, पेन्शन घ्यायची आणि मायदेशी जायचं, हा शिरस्ता. महाबळेश्वराला गव्हर्नर माल्कमच्या नावानं माल्कमपेठ वसली, ती उन्हाळ्यापुरती. लंडनच्या कारभारातही हा भेद होता. १८५८ नंतर भारताचा कारभार इंडिया ऑफिसकडे होता, वसाहतींचं खातं वेगळं. सिलोन मात्र त्या वसाहतींच्या खात्यात.

आणि आपल्या आजोबा-पणजोबांना हा भेद पक्का ठाऊक होता. जुनी वर्तमानपत्रं चाळलीत तर ‘वसाहतीचे स्वराज्य’ हा शब्दप्रयोग जागोजागी भेटेल. म्हणजे डोमिनियन स्टेटस. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या गोऱ्यांच्या वसाहतींना साम्राज्यात राहून जसा घरचा कारभार मिळाला, तसा आम्हालाही द्या, ही ती मागणी. १९२८ च्या नेहरू अहवालात तीच होती, आणि डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात ती मागे टाकून पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. गंमत पाहा, तेव्हा वसाहत असणं ही बढती होती. आपण त्या पायरीच्या खाली होतो, म्हणून ती मागत होतो.

मात्र त्या पायरीवर सगळेच चढले नव्हते. ऑस्ट्रेलियाचं संघराज्य १९०१ मध्ये झालं आणि १९०२ च्या मतदान कायद्यानं स्त्रियांना मत दिलं; पण तिथल्या मूळच्या लोकांना, काही मोजके अपवाद सोडून, वगळलं. दक्षिण आफ्रिकेत १९१० मध्ये संघराज्य आलं आणि १९१३ च्या जमीन कायद्यानं बहुसंख्य आफ्रिकी लोकांना देशाच्या सात-आठ टक्के जमिनीबाहेर जमीन घ्यायची बंदी झाली. १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तिथे गेले होते ते हिंदी मजुरांवरच्या तीन पौंडांच्या डोईपट्टीच्या प्रश्नासाठी. वसाहतीचं स्वराज्य म्हणजे वसाहतकारांचं स्वराज्य, हे या दोन कायद्यांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं व्याख्येतून दिसणार नाही.

गोव्यात आणखी एक वेगळा शब्द आहे, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेले तिसवाडी, बार्देश, साष्टी हे भाग म्हणजे जुनी काबिजाद. अठराव्या शतकात घेतलेले पेडणे, सत्तरी, फोंडा वगैरे नवी काबिजाद. काबीज केलं म्हणून काबिजाद. वसवल्याचा आव त्यात नाही. पुढे पोर्तुगालला हे अडचणीचं झालं. जगभरातून वसाहती सोडा असा दबाव येऊ लागला, तेव्हा तिथला हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीनं १९५१ मध्ये घटनेत बदल करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असं नाव दिलं. आमच्याकडे वसाहतीच नाहीत, मग सोडायच्या कोणत्या, असा तो युक्तिवाद. दहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला, तो संपला.

तर मग काय लिहावं? ‘भारत ही ब्रिटिशांची वसाहत होती’ हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की त्यावर लाल रेघ मारू नये. पण स्वतः लिहिताना मी ‘ब्रिटिश अंमल’ किंवा ‘ब्रिटिश साम्राज्य’ लिहितो. वसाहतवाद हा शब्द मात्र दोन्हीकडे चालवावा. तिथे तो जागा वसवण्याबद्दल बोलत नाही, एका देशानं दुसऱ्याची जमीन, श्रम आणि बाजार आपल्या सोयीनं वापरण्याच्या धोरणाबद्दल बोलतो. साम्राज्यवाद त्याहून मोठा. वसाहत न करताही तो करता येतो.

वसाहतकार आणि वसाहतवादी यांत गल्लत करू नये. जाऊन राहिलेला तो वसाहतकार; जुन्या पुस्तकांत ‘वसाहतवाले’ येतं, तेही छान आहे. वसाहतवादी म्हणजे ते धोरण मानणारा, मग तो लंडनच्या कचेरीतून कधी हलला नसला तरी. १७८८ पासून १८६८ पर्यंत इंग्लंड-आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६० हजार कैदी ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवले गेले. भाकरी-कापड चोरलेला आयरिश माणूस बेड्या घालून सिडनीला उतरवला, त्याला वसाहतवादी म्हणणं अन्यायाचं आहे. सुटल्यावर त्यालाच जमिनीचा तुकडा मिळे, आणि तो तुकडा तिथल्या मूळच्या इओरा किंवा धारुग लोकांचा असे. तेव्हा तो वसाहतकार खरा. त्याचा नाइलाज आणि त्या लोकांचं नुकसान, दोन्ही एकाच वाक्यात मावतं.

राहिला मूळच्या लोकांचा प्रश्न. ‘रेड इंडियन’ आता सोडावा. कोलंबसाची चूक आणि कातडीचा रंग यांपलीकडे त्यात काही नाही. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात स्वतःचा वेगळा राजकीय अर्थ आहे, तो मध्ये येतो. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर आणि पाडे येतात, आणि मग मेक्सिकोतल्या अझ्टेकांचं टेनोच्टिटलान हे सरोवरातलं भलंमोठं शहर त्यात बसत नाही. उत्तर अमेरिकेतल्या चेरोकी लोकांपैकी सेक्वोया यानं १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठी स्वतंत्र अक्षरलिपी तयार केली, १८२८ मध्ये तिच्यात वर्तमानपत्र निघालं, आणि दहा वर्षांत त्या लोकांना सैन्य लावून मिसिसिपीपार हाकललं. वाटेत हजारो मेले. एकत्रित उल्लेखासाठी ‘मूळ रहिवासी’ पुरे. पण जिथे नाव ठाऊक आहे तिथे नावच लिहावं: वाम्पानोआग, चेरोकी, माओरी, इओरा. देवनागरीत ती लिहायला अवघडही नाहीत.