नातवाचं नाव कर्ण ठेवावं का?

मागच्या अंकात महाभारताविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त एकट्या कर्णावर निघाली. त्यांतली तीन घेते. पहिल्या पत्राला जागा जास्त लागेल, कारण त्याच्यावर एका घरातल्या बाळाचं नाव अडलं आहे.

प्रश्न : बाई, स. न. वि. वि. माझा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कोइमतूरला असतो. दहावी नापास होऊन तिकडं गेला तेव्हा गावाकडच्याच एका मित्रानं त्याला दुकानात ठेवून घेतलं आणि पुढं स्वतः जामीन राहून भट्टी लावून दिली. तेव्हापासून पोरगा कर्णाचा भक्त. चार महिन्यांपूर्वी आम्हाला नातू झाला. मुलगा म्हणतो, नाव कर्णच. सूनबाई म्हणते, 'भरल्या सभेत बाईला वेश्या म्हणणाऱ्याचं नाव माझ्या लेकराला नको.' बारशाला पत्रिकेच्या अक्षरावरून एक नाव कानात सांगून वेळ निभावली, पण जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे. दोघं फोनवर भांडतात आणि न्याय माझ्याकडं मागतात. खरं कोणाचं धरायचं?
— एक आजी, विटा

उत्तर : ताई, आधी सूनबाईंचं. त्या म्हणतात ते सभापर्वात आहे. द्रौपदी रजस्वला, अंगावर एकच वस्त्र, दुःशासनानं केसांना धरून ओढत आणलेली. तिनं विचारलं, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार राहतो का? भीष्म 'धर्माची गती सूक्ष्म आहे' एवढं म्हणून थांबले. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. उठला तो विकर्ण, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. तो म्हणाला, ही जिंकली गेलेली नाही.

त्यावर कर्ण चवताळला. तू पोर आहेस, तुला धर्म काय कळतो, असं त्यानं विकर्णाला सुनावलं. जिला एकाहून जास्त नवरे ती बंधकी, म्हणजे वेश्याच. तिला एका वस्त्रात आणली काय की विवस्त्र आणली काय, त्यात नवल कसलं, असंही म्हणाला. आणि पांडवांची नि द्रौपदीची वस्त्रं उतरव, हे दुःशासनाला सांगितलं तेही त्यानंच. आपल्याकडं वस्त्रहरण म्हटलं की दुःशासनाचं नाव घेतात. हात त्याचे होते, पण शब्द कर्णाचा होता.

कर्णाच्या बाजूनं दोन गोष्टी नेहमी ऐकायला मिळतात. एक म्हणजे, स्वयंवरात द्रौपदीनं 'मी सूताला वरणार नाही' म्हणून त्याला हिणवलं होतं, त्याचा हा सूड. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिच्या मुख्य संहितेत द्रौपदीचं हे वाक्य नाही. काही पोथ्यांत मिळतं म्हणून ते तळटीपेत दिलं आहे. बी. ए.ला असताना ग्रंथालयात मी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना. मागची-पुढची पानं उलटून पुन्हा शोधलं, कारण लहानपणापासून प्रत्येक कीर्तनात ते वाक्य ऐकत आले होते. आणि समजा द्रौपदी तसं म्हणाली असती, तरी काय? मुलीनं नकार दिला म्हणून चारचौघांत तिची अब्रू काढायची, हा हिशेब आजही मांडणारे आहेत. त्यांना आपण कर्ण म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, तो मिठाला जागला. ही तुमच्या मुलाच्या जिव्हाळ्याची, म्हणून नीट सांगते. मीठ विकर्णानंही त्याच घरचं खाल्लं होतं. सभेत बोलला म्हणून तो पांडवांकडं निघून गेला नाही. कुरुक्षेत्रावर तो भावाच्याच बाजूनं लढला आणि भीमाच्या हातून मेला, आणि त्याला मारल्यावर भीमालाही हळहळ वाटली. म्हणजे दुर्योधनाची साथ न सोडताही त्या दिवशी तोंड उघडता येत होतं. भट्टी लावून देणाऱ्या मित्रासाठी तुमचा मुलगा रात्री दोन वाजता उठून धावेल, आणि धावावंच त्यानं. पण तोच मित्र उद्या कोणाच्या लेकीला दुकानासमोर उभी करून वाटेल ते बोलायला लागला, तर त्याचा हात धरायचा की आपण त्याच्यापेक्षा चार शब्द जास्त बोलायचे? कर्ण चार शब्द जास्त बोलला.

आता मुलाचं. कृष्णाची शिष्टाई फसली. परत निघताना तो कर्णाला आपल्या रथात घेतो आणि सांगतो, तू कुंतीचा थोरला. चल माझ्याबरोबर, पाचही भाऊ तुझे पाय धरतील, राज्याभिषेक तुला होईल. कर्ण नाही म्हणतो. का? मला पाहून राधेला, मला वाढवणाऱ्या आईला, मायेनं पान्हा फुटला, तिनं माझं गू-मूत काढलं, तिच्या पिंडाचा लोप मी कसा करू? अधिरथानं माझे जातकर्मादी संस्कार केले, लग्नं लावून दिली. सगळ्या पृथ्वीचं राज्य एका पारड्यात आणि रथ हाकणाऱ्याच्या घरातलं गू-मूत दुसऱ्या पारड्यात, आणि खाली गेलं ते दुसरं. हा भाग वर्गात शिकवताना माझा आवाज दरवर्षी बसायचा. तुमच्या मुलाचा जीव ज्या कर्णावर जडला आहे तो हाच असेल, तर मी त्याला काय म्हणून अडवू?

पण त्याच रथात, त्याच बोलण्यात, थोडं पुढं हा श्लोक आहे :

यदब्रुवमहं कृष्ण कटुकानि स्म पाण्डवान्।
प्रियार्थं धार्तराष्ट्रस्य तेन तप्येऽद्य कर्मणा॥

कृष्णा, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे कडू बोललो, त्या कर्मानं आज मी पोळतो आहे.

'प्रियार्थं' हा शब्द पाहा. राग आला म्हणून, अपमान झाला म्हणून बोललो, असं तो म्हणत नाही. मित्राला बरं वाटावं म्हणून, असं म्हणतो. कारण त्यानं स्वतःच्या तोंडानं दिलं आहे आणि आपण इकडं त्याच्यासाठी दुसरी कारणं शोधत बसतो. मग 'पाण्डवान्'. बंधकी म्हटलं ते द्रौपदीला, पण तिचं नाव या श्लोकात नाही. आणि ऐकणारा कोण, तर कृष्ण. नगराबाहेर, दोघांचंच बोलणं चाललेलं. जिला बोलला होता तिच्यासमोर उभं राहून कर्णानं हे कधीच म्हटलं नाही. पश्चात्ताप खरा होता, मला त्याबद्दल तिळमात्र शंका नाही. पण तो भलत्याच्या कानात पडला.

हे मला इतकं का टोचतं, तेही सांगते. १९८६ साल. मला नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. शाळेची तपासणी जवळ आलेली, म्हणून मुख्याध्यापक माझ्या तासाला मागं येऊन उभे राहिले. आठवीच्या त्या वर्गात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा होता. मी त्याला 'देव' शब्द चालवायला सांगितला. तो तृतीयेला अडखळला. मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली आणि बोलून गेले, 'तुला संस्कृत कशाला रे? बापाबरोबर पोती उचल.' वर्ग हसला. मुख्याध्यापकही हसले. आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, ताई. अंगराज झालेल्या कर्णाला बापाच्या पाया पडताना पाहून भीम म्हणाला होता, सूतपुत्रा, तू आपला चाबूक हातात घे. मी भीमाचे शब्द बोलले आणि कारण कर्णाचं होतं, वरच्याला बरं वाटावं.

पुढच्या वर्षी त्या मुलानं संस्कृत सोडलं. मला खूप लागलं. मी घरी यजमानांना सांगितलं, मैत्रिणीला सांगितलं, एकदा हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून एकटीच रडलेही. त्याला सांगायला पंधरा वर्षं लागली. मिरजेच्या एसटी स्टँडवर तो दिसला, खांद्यावर लहान मुलगी झोपलेली. मी जवळ जाऊन नावानं हाक मारली आणि जे झालं होतं ते शब्दाला शब्द सांगून माफी मागितली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, 'बाई, मला वाटलं होतं तुम्ही विसरला असाल.' तेवढ्यात त्याची गाडी लागली.

तेव्हा ताई, न्याय मागितलात तर माझा असा. सूनबाईंच्या मनापासूनच्या होकाराशिवाय दाखल्यावर ते नाव चढवू नका. द्रौपदीच्या बाजूनं तुमच्या घरात एकटी तीच बोलते आहे आणि ती खरं बोलते आहे. मुलाला म्हणावं, तुला हवा तो कर्ण राधेच्या घरातला आहे. गंगेकाठी कुंती भेटायला आली तेव्हा त्यानं आपली ओळख 'राधेचा आणि अधिरथाचा मुलगा' अशीच दिली. 'राधेय' दोघांना चालतंय का विचारून पाहा. तेही सूनबाईंना जड वाटलं, तर विषय तिथंच सोडा आणि तिसरं नाव शोधा. दाखला आला की मला कळवा.

प्रश्न : मी तालमीत असतो. समोरच्याचा लंगोट सुटला तर आम्ही हात काढून घेतो, असं वस्तादांनी शिकवलंय. मग रथाचं चाक रुतलेलं असताना अर्जुनानं बाण मारला तो धर्म कसा? कृष्णानं सांगितला म्हणून?
— एक मल्ल, कुंडल

उत्तर : वस्तादांचं बरोबर आहे. अर्जुनाचं चुकलं.

कर्ण धर्माची आठवण करून देतो, त्यावर कृष्ण त्याला एकेक प्रसंग मोजून दाखवतो. एकवस्त्रा द्रौपदीला सभेत आणली तेव्हा, कपटानं फासे टाकले तेव्हा, तुझा धर्म कुठं होता? मोरोपंतांनी त्याचं 'तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म' करून ठेवलं आणि आपण मराठी माणसं ते भांडणात उठता-बसता वापरतो. अभिमन्यूचंही त्यात धरता येईल. एकट्या पोराला घेरलं होतं तेव्हा द्रोणांच्या सल्ल्यावरून त्याचं धनुष्य तोडलं ते कर्णानंच.

पण कृष्ण नेमकं काय म्हणतो ते बघ. चाक रुतलेल्याला मारणं धर्म आहे, असं तो म्हणत नाही. तुला आजच धर्म आठवला का, एवढंच विचारतो. त्यानं कर्णाचं तोंड बंद होतं, पण अर्जुनाचा बाण सरळ होत नाही. एकानं अधर्म केला म्हणून दुसऱ्याचा अधर्म पुसला जात असता, तर वस्तादांना तालमीत काही शिकवायचं कारणच उरलं नसतं.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत रामायणातल्या कथेवर नाटक उभं केलं. पुराणातले संवाद दाद देत ऐकायची सवय आमच्या गावाला तेव्हाची. माझ्या लहानपणी गल्लीतल्या गणपतीपुढं पोरं हा प्रवेश करायची आणि 'राधासुता' म्हणताच शिट्ट्या पडायच्या. माझी आजी मात्र पदर डोळ्याला लावून म्हणायची, 'चाक तेवढं वर काढू द्यायचं होतं रे.' तिला सभापर्व तोंडपाठ होतं, तरी ती हे म्हणायची.

प्रश्न : शाळेच्या वादविवादात मला कर्णाच्या विरुद्ध बोलायचं आहे. चिठ्ठीत तीच बाजू आली. पण मला तो आवडतो. मी काय करू?
— नववीतली विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : बाळ, विरुद्ध बोल आणि जोरात बोल. सभेतलं काही झाकू नकोस. तो आवडतो म्हणून मनात अपराधी वाटून घ्यायचं मात्र कारण नाही. ज्याला त्याचा सगळ्यात जास्त राग यायला हवा होता, त्या युधिष्ठिरालाही तो नीट करता आला नाही.

शांतिपर्वाच्या सुरुवातीला युधिष्ठिर नारदांना सांगतो की त्या द्यूतसभेत कर्ण टाकून बोलत होता तेव्हा माझा राग उसळायचा, पण त्याच्या पायांकडं नजर गेली की निवायचा, कारण त्याचे पाय कुंतीच्या पायांसारखे होते. असं का, हे मी पुष्कळ शोधलं, मला सापडलं नाही, असंही तो म्हणतो. हे तो बोलतो तेव्हा कर्ण मेलेला असतो. गंगेकाठी सगळ्यांना पाणी देताना कुंतीनं नुकतंच सांगितलेलं असतं की त्यालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ.