सेवेतली धूळ, धूर आणि रेकॉर्ड ऑफिस

या वेळी सैनिकांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून आलेल्या पत्रांचा सूर जवळपास एकच आहे. आजार आहे, नोकरीत काय हाताळलं ते पक्कं आठवतंय, पण कागद नाही. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : वडील नौदलात इंजिन रूममध्ये होते. 1988 मध्ये पेन्शनवर आले. आता डॉक्टर ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. नोकरीत त्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध आला, हे सरकारदरबारी कुठे लिहिलेलं असेल? – रत्नागिरी

तसं थेट लिहिलेलं बहुधा मिळणार नाही. वाफेवर चालणाऱ्या जुन्या जहाजांत बॉयलरवर आणि वाफेच्या नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं वेष्टण, असे. गळती लागली की ते फोडायचं, नळी दुरुस्त करायची, वर नवं चढवायचं, आणि हे सगळं खालच्या कोंदट जागेत. त्या धुळीतले तंतू फुप्फुसात रुतल्यावर आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षं जातात. त्यामुळे 1988 च्या मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीवेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांनी, छाती स्वच्छ असल्याचं लिहिलं असेल, तर त्या दिवशी ते खरंही असेल.

2006 मध्ये फ्रान्सचं क्लेमान्सो हे विमानवाहू जहाज मोडण्यासाठी अलंगला निघालं होतं. त्यात किती ॲस्बेस्टॉस आहे यावरून आपल्या सुप्रीम कोर्टात वाद झाला आणि शेवटी फ्रान्सने जहाज माघारी बोलावलं. भंगाराच्या जहाजाची एवढी मोजदाद! पण असल्या जहाजांच्या पोटात ज्यांनी उमेदीची वर्षं काढली, त्यांनी काय श्वासात घेतलं हे विचारणारा रकाना मला आजवर कुठल्या सर्व्हिस डॉक्युमेंटमध्ये दिसलेला नाही.

म्हणून पुरावा दोन तुकड्यांत गोळा करा. पहिला तुकडा सरकारकडे आहे : कुठलं जहाज, कुठली ब्रँच, कधीपासून कधीपर्यंत. नौसैनिकांचं हे रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं. आधी साधं पत्र टाका, उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती मिळावी’ असं मोघम लिहू नका. जहाजांची यादी तारखांसह, ट्रेड, आणि भरतीच्या व निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाच्या प्रती, असं नेमकं मागा. अर्जावर सही वडिलांची हवी.

दुसरा तुकडा डॉक्टरांकडे आहे, आणि लोक नेमके इथे कमी पडतात. हॉस्पिटलच्या केस पेपरवर विडी-सिगारेट ओढता का, हे लिहिलेलं असतं. व्यवसायापुढे मात्र ‘निवृत्त’ एवढंच. छातीच्या डॉक्टरांना सांगून तिथे ‘अमुक इतकी वर्षं जहाजाच्या बॉयलर रूममध्ये काम’ असं लिहून घ्या. सोबत काम केलेल्या एखाद्या शिपमेटचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर फारच उत्तम.

आजार सेवेमुळे झाला म्हणून भरपाई मागायच्या क्लेमबद्दल उगाच आशा लावत नाही. सेवा संपल्यावर उशिरा उमटलेल्या आजारासाठी नियमात वाट आहे, पण तिला वर्षांची मर्यादा आहे आणि ॲस्बेस्टॉस ती मर्यादा पाळत नाही. भांडण तिथेच होतं आणि ते बहुतेक वेळा आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये जातं. मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. उपचार मात्र यासाठी थांबवू नका. पेन्शनर असल्याने ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड पुरेसं आहे.

प्रश्न : मी दारूगोळा डेपोत आठ वर्षं होतो. 1994 मध्ये पेन्शनविना घरी आलो. जवानांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस म्हणतं, कागद नष्ट केले. असं करता येतं का? – वाई, जि. सातारा

येतं. पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं 25 वर्षं ठेवून नष्ट करण्याचा नियमच आहे. तुमची मुदत 2019 मध्ये संपली. नियम कारकुनी सोयीचा आहे, रासायनिक संपर्कातून होणाऱ्या आजारांचा त्यात विचार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण लाँग रोल, म्हणजे जवानांची मूळ नोंदवही, कायम ठेवतात. त्याचा उतारा मागा. निदान तुम्ही सैन्यात होतात आणि किती काळ होतात, एवढं त्यावरून सिद्ध होईल. तुमचं डिस्चार्ज बुक जपून ठेवा आणि त्याच्या दोन-तीन साक्षांकित प्रती करून घ्या. ट्रंकेत जुनी हॉस्पिटलची चिठ्ठी किंवा पार्ट टू ऑर्डरचा (जवानाच्या सेवेतल्या घडामोडी नोंदवणाऱ्या युनिटच्या आदेशाचा) एखादा कागद निघतो का तेही पाहा.

प्रश्न : चार महिन्यांनी निवृत्त होतोय. वर्कशॉपमध्ये रंग, थिनर, डिझेलचा धूर यांत बरीच वर्षं गेली. कानही मंद झालेत. आत्ता काय करावं? – सध्या सेवेत, गाव जि. नाशिक

हाच प्रश्न सगळ्यांनी वेळेवर विचारला असता तर हे सदर निम्म्यावर आलं असतं. रिलीज मेडिकल बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-16, यात पहिला भाग तुमचा स्वतःचा आहे. कुठे कुठे नोकरी केली आणि कुठला त्रास आहे, ते तुम्ही भरायचं असतं. प्रत्यक्षात काय होतं? घरी जायची घाई, क्लिअरन्सचे कागद हातात, बाकावर शेजारचा ‘निल’ लिहितो म्हणून आपणही ‘निल’ लिहितो आणि सही करतो. पुढे वीस वर्षांनी समोरची बाजू कोर्टात तोच ‘निल’ काढून दाखवते.

तुम्ही त्रास लिहा, आणि काय हाताळलं तेही लिहा : रंगाची फवारणी, बंद शेड, मास्क होता की नव्हता. कानांसाठी बोर्डाआधीच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या, म्हणजे आकडा कागदावर येईल. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) खोकल्यासाठी, डोकेदुखीसाठी गेला असाल तर त्या नोंदी शोधा. बोर्डाची प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलं आहे की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं आणि उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मात्र हा निकाल जुन्या नियमांवरचा आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत आणि तुम्हाला तेच लागू होतील. म्हणून ‘निकाल आहे ना’ म्हणून निवांत राहू नका.

प्रश्न : जिल्हा सैनिक बोर्डात नाव नोंदवलं आहे. मेडिकलचे कागद तिथे मिळतील? – बुलढाणा

नाही. तिथे तुमची नोंदणी आणि ओळखपत्राची माहिती असते. मेडिकलचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडे. पण रेकॉर्ड ऑफिसला पत्र कसं लिहायचं, हे त्या कार्यालयातले लोक चांगलं सांगतात.

प्रश्न : मुलगा अमेरिकन आर्मीत होता, 2011 मध्ये अफगाणिस्तानातल्या बग्रामला. तिथे कचरा उघड्यावर जाळत. सुटल्यानंतर त्याला दमा निघाला. ‘तुझं नाव रजिस्ट्रीत आहे’ असं त्याला कळवलंय. मग आणखी काही करायला हवं का? – न्यू जर्सी

हवं. रजिस्ट्रीत नाव असणं म्हणजे क्लेम केला असं नव्हे. तिकडची बर्न पिट रजिस्ट्री, म्हणजे कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरात राहिलेल्या सैनिकांची नोंदयादी, 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा ज्याने त्याने स्वतः लांबलचक प्रश्नावली भरायची होती. 2024 मध्ये ती बदलली आणि लष्कराच्या नोंदींवरून 47 लाखांहून जास्त नावं आपोआप घातली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आठवणीचं ओझं माणसावरून उतरून दप्तरावर गेलं. आपल्याकडे नेमकं हेच व्हायला हवं. पण ती रजिस्ट्री अभ्यासासाठी आहे, भरपाईसाठी वेगळा अर्ज लागतो.

10 ऑगस्ट 2022 च्या अमेरिकेच्या पॅक्ट कायद्याने अफगाणिस्तानात राहिलेल्यांना सेवेनंतर झालेला दमा सेवेमुळेच झाला असं धरलं जातं. मुलाला धूर सिद्ध करायचा नाही. तिथे होतो, हे डीडी-214 (सेवामुक्तीचा दाखला) यावरून, आणि दमा नंतर निघाला, हे डॉक्टरांच्या कागदावरून दाखवायचं. डीडी-214 ची प्रत घरी ठेवा. 1973 मध्ये सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख फायली गेल्या. त्यांतल्या कित्येकांना दुसरी प्रत नव्हती.

राज्य पातळीवरही विचारा. तुमच्याच न्यू जर्सीने 1980 च्या दशकात एजंट ऑरेंजसाठी (व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या झाडपाला मारणाऱ्या रसायनासाठी) स्वतःचा आयोग चालवला आणि व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रक्तातलं डायऑक्सिन, म्हणजे त्या रसायनातलं विष, मोजून घेतलं. काउंटीतला व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर अर्ज फुकट भरून देतो. आज ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे अर्ज करण्याचा इरादा, नोंदवलं तर पूर्ण अर्जाला वर्षभर मिळतं आणि मंजुरी मिळाल्यास पैसे साधारण त्या आजच्या तारखेपासून धरतात. पहिल्या अर्जासाठी टक्केवारी मागणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, तिथल्या कायद्यात ते बसत नाही.