जीए४ मध्ये फॉर्म सबमिट जास्त, प्रत्यक्ष मेल कमी. वर्डप्रेसवर खरी सबमिशन कशी मोजायची?

तुमची मांडणी अशी: वर्डप्रेस, कॉन्टॅक्ट फॉर्म ७ (फॉर्म बनवणारा प्लगइन), गूगल टॅग मॅनेजरमधून (ट्रॅकिंगचे कोड, म्हणजे ‘टॅग’, सांभाळणारं साधन) बसवलेलं जीए४ (गूगल ॲनालिटिक्स ४), आणि रिपोर्टमधला ‘फॉर्म सबमिट’चा आकडा आलेल्या मेलच्या दुपटीहून जास्त. बहुधा बिघाड काहीच नाही, फक्त भलतीच गोष्ट मोजली जातेय.

‘फॉर्म सबमिट’ हा इव्हेंट (नोंदली जाणारी घटना) जीए४ चं ‘एन्हान्स्ड मेझरमेंट’ आपोआप पाठवतं, ब्राउझरमध्ये सबमिटची घटना घडली की लगेच. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ आपल्या फॉर्मला ‘नोव्हॅलिडेट’ ॲट्रिब्यूट लावतो, त्यामुळे रिकामा रकाना ब्राउझर अडवत नाही. आधी सबमिट होतं, मग अजॅक्सने (पान रीलोड न करता) डेटा सर्व्हरकडे जातो आणि चूक दाखवणारा लाल संदेश तिथून परत येतो. कुणी ईमेल तीनदा चुकवून चौथ्यांदा नीट लिहिला तर मेल एक आणि सबमिट चार. टॅग मॅनेजरमधला तयार ‘फॉर्म सबमिशन’ ट्रिगरही (टॅग कधी चालवायचा ते ठरवणारी अट) याच घटनेवर चालतो. बटणाच्या क्लिकवर मोजणं तर त्याहून वाईट.

मोजायचं ते सर्व्हरने होकार दिल्यावर. त्यासाठी कॉन्टॅक्ट फॉर्म ७ स्वतःचे डॉम इव्हेंट (पानावरच्या कोडला ऐकू येणारे संकेत) सोडतो: इनव्हॅलिड, स्पॅम, मेलफेल्ड, मेलसेंट, आणि निकाल काहीही लागला तरी येणारा सबमिट. प्रत्येकाच्या आधी ‘डब्ल्यूपीसीएफ७’ जोडायचं, सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. तुम्हाला मेलसेंट हवा. नावाला भुलून शेवटचा सबमिट पकडलात तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

टॅग मॅनेजरमध्ये एक कस्टम एचटीएमएल टॅग करा. त्यात डॉक्युमेंटवर मेलसेंटसाठी लिसनर (तो इव्हेंट येताच चालणारा कोड) लावायचा आणि आतून डेटालेयरमध्ये (टॅग मॅनेजर जिथून माहिती वाचतो ती यादी) दोन गोष्टी पुश करायच्या: तुमच्या पसंतीचं इव्हेंटचं नाव आणि ‘इव्हेंट डॉट डिटेल डॉट कॉन्टॅक्टफॉर्मआयडी’. हा टॅग सगळ्या पानांवर चालवा, पण ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘वन्स पर पेज’ निवडा, नाहीतर लिसनर दोनदा लागून एका सबमिशनचे दोन इव्हेंट जातात. मग त्याच नावाचा कस्टम इव्हेंट ट्रिगर, आयडीसाठी डेटालेयर व्हेरिएबल, आणि या दोन्हींवर जीए४ इव्हेंट टॅग. इव्हेंटला नाव ‘जनरेट लीड’ द्या, शब्दांमध्ये अंडरस्कोअर. गूगलने सुचवलेल्या इव्हेंटांपैकीच ते आहे.

आयडीचा एक घोळ असतो. कॉन्टॅक्ट फॉर्म ७ च्या आवृत्ती ५.८ पासून शॉर्टकोडमध्ये (फॉर्म पानात घालण्यासाठीचा चौकटी कंसातला छोटा कोड) दिसणारा आयडी अक्षरं-आकडे मिसळलेला हॅश आहे, इव्हेंटमध्ये मात्र जुना आकडी पोस्ट आयडी येतो. फॉर्म एडिट करताना ॲड्रेस बारमध्ये ‘पोस्ट’पुढे दिसतो तो. ठरावीक फॉर्मच मोजण्यासाठी ट्रिगरला शॉर्टकोडमधला आयडी घालून फिल्टर लावलात तर टॅग कधीच सुटणार नाही, आणि एररही दिसणार नाही.

जीए४ च्या ॲडमिनमध्ये आता तीन कामं उरतात. डेटा स्ट्रीममधल्या एन्हान्स्ड मेझरमेंटच्या गिअरमध्ये जाऊन ‘फॉर्म इंटरॅक्शन्स’ बंद करा. जनरेट लीडला ‘की इव्हेंट’ करा (२०२४ पर्यंत याचंच नाव कन्व्हर्जन होतं). आणि फॉर्म आयडीच्या पॅरामीटरसाठी इव्हेंट स्कोपचं कस्टम डायमेन्शन (रिपोर्टमध्ये तो आयडी दिसण्यासाठीचा रकाना) नोंदवा. हे तिसरं आजच करा, कारण नोंदवण्याआधीचा डेटा त्यात मागाहून भरला जात नाही. पॅरामीटरमध्ये नाव, ईमेल, फोन अजिबात पाठवू नका. गूगलच्या अटींत ते बसत नाही.

तपासताना टॅग मॅनेजरचा प्रिव्ह्यू आणि जीए४ चा डीबगव्ह्यू शेजारी-शेजारी उघडा. आधी मुद्दाम चुकीचा ईमेल टाकून पाठवा: काहीही सुटता कामा नये. मग बरोबर टाका: एकच इव्हेंट. नेहमीच्या रिपोर्टमध्ये आकडा यायला २४ ते ४८ तास लागू शकतात, तेवढ्यात सेटिंग उलटसुलट करत बसू नका. प्रिव्ह्यूमध्ये चालतं पण प्रत्यक्ष साइटवर चालत नाही, असं झालं तर आधी कंटेनर पब्लिश केलाय का ते पाहा, मग कॅशिंग प्लगइनमधलं ‘डिले जावास्क्रिप्ट’.

सबमिशननंतर उघडणाऱ्या ‘थँक यू’ पानाच्या भेटी मोजण्याचा सोपा उपाय बरेच जण सांगतील. पान रिफ्रेश केलं किंवा थेट उघडलं तरी तो मोजतो, म्हणून फॉर्म आयफ्रेममध्ये (पानात बसवलेलं दुसरं पान) असून इव्हेंट हाती येत नसतील तेव्हाच तो वापरावा.

मेलसेंटचा अर्थ वर्डप्रेसने मेल पुढे सोपवला, इतकाच. तो इनबॉक्सपर्यंत पोहोचला की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून फ्लेमिंगो प्लगइन लावून प्रत्येक सबमिशन डेटाबेसमध्ये ठेवा आणि जीए४ चा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. ॲड ब्लॉकर आणि कुकीची संमती नाकारणारे यांच्यामुळे जीए४ चा आकडा थोडा कमी भरणारच. तो जास्त भरला तर मात्र टॅग दोनदा सुटतोय. बहुतेक वेळा टॅग मॅनेजरसोबत एखाद्या प्लगइननेही तोच मेझरमेंट आयडी (जीए४ चा ओळख क्रमांक) आणि स्वतःचं फॉर्म ट्रॅकिंग घातलेलं असतं.