‘रिट्रॅक्शन’: माघार की माघारी?

प्रश्न असा आहे : एका वैद्यकीय लेखाच्या अनुवादात मी ‘रिट्रॅक्टेड पेपर’ला ‘रद्द केलेला शोधनिबंध’ म्हटलं. संपादकांनी त्याचं ‘मागे घेतलेला’ केलं. बरोबर काय? आणि ‘रिट्रॅक्शन’ला मराठीत नाम कोणतं?

संपादकांची दुरुस्ती मला पटते. तिकीट रद्द झालं, परवाना रद्द झाला की ती गोष्ट संपते. ‘रिट्रॅक्शन’ म्हणजे छापून आलेला शोधनिबंध आता भरवशाचा मानू नये, असं जाहीर करणं. त्याने शोधनिबंध संपत नाही. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो जागच्या जागी राहतो, फक्त त्यावर तो मागे घेतल्याचा ठळक शिक्का येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या, १९९८च्या, ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांच्या निबंधाच्या पानांवर तर मोठ्या लाल अक्षरांत तसं लिहिलेलं दिसतं. कोणी कुठे त्याचा हवाला दिलेला असेल, तर वाचणाऱ्याला मूळ मजकूर आणि त्याचं काय झालं हे दोन्ही एकत्र सापडलं पाहिजे, म्हणून. ‘काढून टाकलेला’ हा शब्दही याच कारणाने चालत नाही.

‘मागे घेणे’ मात्र मराठीत मुरलेलं आहे. शब्द मागे घेतो, तक्रार मागे घेतो, संप मागे घेतो. ज्याने पुढे केलं, त्यानेच मागे घ्यायचं, असा त्याचा स्वभाव. म्हणूनच इथे कर्ता गाळू नका, ही माझी कळकळीची विनंती. वेकफील्ड यांचाच निबंध घ्या. १२ मुलांच्या नोंदींवरून त्यात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवला होता. २००४ मध्ये १३ पैकी १० लेखकांनी तो अन्वयार्थ मागे घेतला. वेकफील्ड त्यांत नव्हते. पूर्ण निबंध मागे घेतला तो ‘लॅन्सेट’ने, फेब्रुवारी २०१० मध्ये, कारण मुलांची निवड आणि नीतिसमितीची मंजुरी याबद्दलची विधानं खोटी ठरली होती. ‘वादग्रस्त शोधनिबंध मागे’ एवढाच मथळा दिला, तर लेखकाला स्वतःलाच उपरती झाली असं वाटतं. ते असत्य आहे.

आता नाम. ‘माघार’ नको. माघार माणूस घेतो, आणि तिच्यात हार ऐकू येते. पण निवडणुकीच्या बातम्यांत आपण ‘अर्ज माघारीची मुदत’ रोज वाचतो. तिथे अर्ज माघारी येतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हाच शब्द उचलावा : ‘निबंधाची माघारी’. रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी २०१९चा ‘सायन्स’ या नियतकालिकातला आपला निबंध जानेवारी २०२० मध्ये माघारी घेतला. प्रयोगाचे निकाल पुन्हा मिळत नव्हते, प्रयोगवहीतल्या नोंदी अपुऱ्या होत्या. त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं आणि माफी मागितली. त्याला ‘माघार’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माघारी या शब्दातून चूक की लबाडी, हे कळत नाही, आणि कळूही नये. कारण वेगळ्या वाक्यात, स्पष्ट लिहावं : आकडे बनावट होते, वाङ्मयचौर्य होतं, की उपकरण चुकलं.

निष्कर्षाला धक्का न लावणाऱ्या लहान चुकांसाठी आपल्याकडे जुना, सुंदर शब्द आहेच : शुद्धिपत्र. मुद्रितशोधन करताना मी किती तरी जुन्या पुस्तकांच्या शेवटी तो चिकटवलेला कागद पाहिला आहे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने, आणि कधी त्या शुद्धिपत्रातही छपाईचा एक खिळा उलटा पडलेला. चौकशी चालू असताना नियतकालिक देतं त्या इशाऱ्याला मी ‘सावधसूचना’ म्हणते.

तेव्हा तुमचं वाक्य असं करून पाहा : ‘हा शोधनिबंध २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने मागे घेतला, माघारीच्या सूचनेत कारण दिलेलं आहे.’