आंब्याच्या हिशेबातून प्रोग्रॅमिंग

प्रश्न : मी देवगडची, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरीत गुण चांगले पडतात, पण स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसले की काही सुचत नाही. काय करावं?

उत्तर : ओळखीच्या बागायतदाराचा आंब्याच्या पेट्यांचा हिशेब पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायला घ्या. तारीख, गिऱ्हाईक, पेट्या, दर, जमा. सुरुवातीला एवढं पुरे. रक्कम दशांशात ठेवलीत तर बेरीज चुकू शकते. ०.१ + ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, कारण ०.१ हा आकडा बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या पद्धतीत, नेमका मांडता येत नाही. म्हणून रुपयांचे पैसे करून पूर्णांकात साठवा.

खरा धडा मात्र वीज गेल्यावर मिळतो, आणि आपल्याकडे पावसात ती जातेच. फाइल ‘डब्ल्यू’ (नव्याने लिहिण्याच्या) मोडमध्ये उघडताच आधीचा मजकूर पुसला जातो; नेमका तेव्हा पीसी बंद पडला तर सगळा हिशेब गेला. त्यासाठी त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल पूर्ण लिहा, फ्लश आणि एफसिंक करा (म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचतं), मगच तिला मूळ फाइलचं नाव द्या; तोवर जुना हिशेब शाबूत राहतो. एवढं हाताने केलंत की डेटाबेसच्या पेपरातलं ट्रान्झॅक्शन, म्हणजे बदल पूर्ण होतो किंवा मुळीच होत नाही हे तत्त्व, पाठ करावं लागणार नाही.

एरर आली तर आधी शेवटची ओळ वाचा. चूक कोणत्या प्रकारची आहे ते तिथेच लिहिलेलं असतं.