आजीच्या वेळचा सागवानी टांगता पाळणा नव्या बाळाला वापरता येईल का?

येईल, पण आधी गजांमधलं अंतर मोजा. जुन्या पाळण्यांत कातीव गज सात-आठ सेंटिमीटरवर असतात. 6 सेंटिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर बाळाचं अंग सरकून बाहेर येतं आणि डोकं अडकतं. सुताराकडून मधे एकेक गज वाढवून घ्या.

दुसरा मोठा प्रश्न रंगाचा. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं (भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2017 पासून लागू झाली), आणि लाखकामातल्या लाल-पिवळ्यासाठी हिंगूळ, हरताळही वापरत, म्हणजे पारा आणि आर्सेनिक. दात शिवशिवणारं बाळ नेमका कठडा चावतं. कोरडा पॉलिशपेपर अजिबात मारू नका, विषारी धूळ घरभर होते. रंगाची तपासणी करून घ्या. शिसं निघालं तर पाळणा शोभेलाच ठेवा.

मग सांधे. सागाचं लाकूड टिकतं, पण गजाचं टोक वाळून आकसतं आणि भोकात खुळखुळतं. गज चिमटीत धरून फिरवा. फिरला तर तो काढून सरस लावून पुन्हा बसवायचा. खिळा ठोकलात तर टोक चिरतं. बारीक भोकांखाली ताजा पिवळसर भुसा दिसला तर कीड अजून जिवंत आहे.

कड्या आणि आढ्याचा हूक घासून पातळ झाले असतील तर बदलाच. 25 किलो तांदळाचं पोतं ठेवून दिवसभर झोका देऊन बघा. चिमणाळं (पाळण्यावर टांगायचं खेळणं) बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं उंच बांधा. बाळ पालथं पडू लागलं की पाळणा बंद.