चक्कर खरी की आणलेली?

रुग्ण दारातून आत येतो तेव्हापासूनच बघायला लाग. खुर्चीवरून कसा उठतो, वाकून बूट कसे काढतो, त्यातून बरंच कळतं. रॉम्बर्ग चाचणीत (पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगतो ती) कोणी जोरात झुलायला लागला, तर पाठीवर बोटाने आकडे काढ आणि ओळखायला सांग. लक्ष तिकडे गेल्यावर झुलणं थांबलं, तर तशी नोंद कर.

पोश्चरोग्राफीत (यंत्राच्या प्लॅटफॉर्मवर उभं करून तोल मोजतात ती तपासणी) सहा स्थिती, प्रत्येकीच्या २० सेकंदांच्या ३ फेऱ्या. पहिल्या दोन सोप्या, पायाखालचा प्लॅटफॉर्म स्थिर. पाचवी-सहावी अवघड: प्लॅटफॉर्म हलतो, नजरेचाही आधार नसतो. आतल्या कानाचा खरा रुग्ण सहसा इथे ढासळतो. सोप्यात धडपडून अवघडात त्यामानाने बरा निघाला, तर शंका घे. बनाव करणाऱ्याला सोपं कुठलं नि अवघड कुठलं, हे कुठे ठाऊक असतं! तिन्ही फेऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक किंवा लंबकासारखं एकसारखं झुलणं, हेही तसंच.

पण लगेच ‘ढोंगी’ लिहू नकोस. चिंताविकारात, पडण्याच्या धास्तीनेही असा आलेख येतो. मी सुरुवातीला यात तोंडघशी पडलोय. अहवालात ‘निष्कर्ष शरीरक्रियेशी विसंगत’ एवढंच लिही आणि जमल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपास.